डावी बाजू

अडतीस वर्षं मी पांढऱ्या पेशी मोजल्या.
नौपाड्यात, जिन्याखालच्या लॅबमध्ये,
काचपट्टीवर कुणाच्या तरी रक्ताचा थेंब,
त्यावर लिशमनचा जांभळा रंग, भिंगावर तेल,
आणि डाव्या हाताखाली ते मोजणीयंत्र –
बोटागणिक एक पेशी, टिक, टिक,
शंभर भरले की घंटी.
डॉक्टर गुप्ते म्हणायचे,
"प्रमिलाताई, घंटी झाली, चहा घ्या."
माझं स्वतःचं रक्त कधी लावलं नाही भिंगाखाली.
शिंप्याचा सदरा उसवलेलाच.

आता एकाहत्तर.
मार्चमध्ये डाव्या कुशीत आग पेटली,
बरगडीच्या रेषेने, पाठीकडून पोटाकडे,
पाण्याने भरलेले दाणे, भिजल्या साबुदाण्यासारखे.
शेजारच्या मनोरमा वैतींनी पदर दातात धरला :
"नागीण आहे. दोन्ही तोंडं जुळू देऊ नका."
आणि गेरूची वाटी घेऊन आल्या.

मला ठाऊक होतं, जुळत नाहीत.
मज्जातंतूच्या वाटेने येते ती,
मध्यरेषेला थांबते. पुस्तकात आहे.
तरी रात्री दोन वाजता, दिवा न लावता,
बेंबीपासून किती बोटं उरलीत ते मोजलं.
चार.
दुसऱ्या रात्री परत. चार.

पाहुणी नव्हती ती. घरातलीच.
एकसष्ट साली, चेंदणी कोळीवाड्यात,
आम्ही भावंडं ओळीने कांजिण्यांत पडलो,
गोधडीखाली कडुलिंबाचा पाला.
आई म्हणाली, बाया आल्यात घरात, नावं ठेवू नका.
नवव्या दिवशी अंघोळ.
बाया गेल्या, असं सगळ्यांनी धरून चाललं.

एक गेली नव्हती.
माझ्या कण्याच्या मुळाशी, एका गाठीत,
गुडघे पोटाशी घेऊन चौसष्ट वर्षं निजली.
माझी मॅट्रिक, लग्न, दोन बाळंतपणं, यांचं जाणं,
सगळ्यांत निजून.
निजून म्हणजे, कुणीतरी निजवून ठेवत होतं.

ते कोण, हे मी आयुष्यभर मोजत होते
आणि ओळखत नव्हते.

बाबांचं जाळं आठवतं. सुती, नायलॉनच्या आधीचं.
खाडीवरून आले की अंगठ्यात अडकवून भोकं विणायचे.
प्रत्येक सांधा ओळखीचा :
हे जिताड्याने फाडलं, हे पुलाच्या खांबाने,
हे तुझ्या काकाने, दारूत.
शेवटी शेवटी जाळं सांध्यांचंच उरलं.
जुनी भोकं पक्की बुजलेली,
नव्या भोकाला सूत नाही.

छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते,
मराठीत तिला यौवनलोपी म्हणतात.
परीक्षेसाठी पाठ केलं होतं, गुण मिळाले होते.
नव्या पेशींची ती शाळा.
आपण वयात येतो आणि तिचा पट गळू लागतो,
वर्ग बंद, खोल्यांत चरबी,
साठीनंतर घंटा देणारा शिपाई तेवढा उरतो.

मग जुन्यांवरच भिस्त.
त्यांना बहात्तरची कावीळ आठवते,
कालचा खोकला ओळखू येत नाही.
मलाही तिसऱ्या मजल्यावरच्या पोराचं नाव येत नाही,
चेंदणीतल्या सगळ्या होड्यांची येतात.
आणि धुमसतात, उगाच,
सकाळी गुडघ्यांत, बोटांच्या पेरांत.
शत्रू कुणी नाही, नुसती धग.

नागीण गेली, तीन आठवड्यांनी, गोळ्यांनी.
मनोरमाबाई म्हणतात, गेरूने.
मी वाद घातला नाही.
रोज येऊन लावायच्या, अर्धा तास बसायच्या.
आमच्या यंत्रावर त्याला बटण नव्हतं.

परवा गुप्त्यांच्या लेकीने डाव्या दंडात लस टोचली.
"या वयात तितकीशी लागू पडत नाही," म्हणाली, "पण घ्या."
कचराळी तलावाला दोन फेऱ्या मारून घरी आले.
रात्री दंड सुजला, लाल, गरम,
त्या कुशीवर होता येईना.

दुखतंय, म्हणजे आत कुणीतरी उठलंय.
चष्मा सापडत नाहीये, चप्पल उलटी घातलीय,
पण दाराकडे निघालंय.
अंधारात पडून राहिले,
दंडावर बोट ठेवून.
टिक.
टिक.